प्रोपेलरची पाती पातळ करताना : नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५

१० नोव्हेंबर, रविवार

ताईच्या गावच्या तलावावर आज आमच्या रिमोटवरच्या छोट्या बोटीच्या वेगाची पहिली मोजणी झाली. गाव रामटेकच्या वाटेवर, तलाव जुना मालगुजारी, म्हणजे मालगुजार जमीनदारांच्या काळातला. पाळीवर उभं राहिलं की एका अंगाला कापणी झालेल्या धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला काठोकाठ पाणी. एका कोपऱ्यात ढिवर (मासेमार) मंडळींचा शिंगाडा आहे. त्यांना विचारूनच बोट पाण्यात सोडतो आणि त्या कोपऱ्याकडे वळवत नाही.

बोट तीच, गेल्या वर्षी भाच्यासोबत बांधलेली : ६५ सेंटीमीटर लांब, खोल व्ही आकाराचा तळ, ३ सेलची लिपो बॅटरी, २००० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला २००० फेरे घेणारी) मोटर. प्रोपेलर पितळी, दोन पात्यांचा, व्यास ४० मिमी, पिच (घसरण नसेल तर एका फेऱ्यात प्रोपेलर जितका पुढे सरकेल ते अंतर) व्यासाच्या १.४ पट म्हणजे ५६ मिमी. तीन फेऱ्यांमध्ये जीपीएसवर सर्वाधिक वेग ताशी ४४ किमी, करंट ६४ अँपिअर. तीन मिनिटांनी बोट काठाला घेतली तेव्हा मोटर ७१ अंशांवर होती.

गणित मांडलं तर हिशेब जुळत नाही. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे भाराशिवाय मोटरचे मिनिटाला सुमारे २२,००० फेरे. भाराखाली १८,००० धरले तरी ५६ मिमी पिचने मिनिटाला १००८ मीटर, म्हणजे ताशी साठ किमी व्हायला हवेत. पाण्यात थोडी घसरण होणारच, पण साठातले सोळा जाणं फार आहे. प्रोपेलर हातात घेतला की कारण बोटाला लागतं. पात्याची पुढची धार चमच्याच्या कडेसारखी गोल आणि जाड आहे. ओतीव प्रोपेलर जाडच येणार, पातळ पात्याच्या साच्यात पितळ नीट पोचत नाही. पातळ करणं घेणाऱ्यावर सोडलेलं असतं, आणि ते काम मी वर्षभर टाळत आलो.

असे चार प्रोपेलर घेतलेले आहेत, एकाच साच्यातले. एक सरावाला, एक कामाला, एक राखीव, आणि एक हात न लावता तुलनेसाठी ठेवायचा.

१३ नोव्हेंबर

आज फक्त विचार केला आणि रेघा मारल्या.

पात्याला दोन बाजू. बोटीच्या मागे तोंड करून असलेली बाजू पाणी ढकलते, तिला मी ‘पोट’ म्हणतो. बोटीकडे तोंड असलेली ती ‘पाठ’. आमचा प्रोपेलर अर्धा पाण्याबाहेर असतो. प्रत्येक पातं दर फेऱ्याला हवेतून पाण्यात शिरतं आणि पुन्हा बाहेर येतं. १८,००० फेरे आणि दोन पाती, म्हणजे सेकंदाला ६०० वेळा पितळेची धार पाण्यावर आपटते. धार बोथट असेल तर प्रत्येक वेळी ती पाणी कापत नाही, थापटते. मोटरची ताकद तिथे जाते.

पाणी कापलं गेलं की पात्याच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि पाठ जवळजवळ कोरडीच राहते. म्हणून कापायचं ते पाठीवरून. पिच ठरतो पोटाच्या वळणावर, त्यामुळे पोटाला कानस लावायची नाही. हे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

शोभेच्या, संथ चालणाऱ्या बोटींच्या पूर्ण बुडालेल्या प्रोपेलरला हा नियम लागू नाही. तिथे पाठही पाण्यातच असते, तिच्यावरून पाणी चिकटून वाहावं लागतं आणि पुढची कड किंचित गोलच बरी. तिथे पाण्याचा दाब फार उतरला की वाफेचे बुडबुडे होतात, तेच कॅव्हिटेशन. चार्ल्स पार्सन्स या इंजिनिअरची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट ‘टर्बिनिया’ १८९४ साली पाण्यात उतरली तेव्हा याच बुडबुड्यांनी तिचा वेग अडला होता. त्याने पाण्याची बंद टाकी बांधून हा प्रकार डोळ्यांनी पाहिला, एकाच्या जागी तीन शाफ्टांवर नऊ प्रोपेलर लावले, आणि १८९७ मध्ये ती बोट ३४ नॉटच्या आसपास पळाली. आपल्या बोटीत वाफेच्या जागी वरची हवा आत खेचली जाते. म्हणून आपल्याला पाचरीसारखं पातं हवं : पुढे वस्तऱ्यासारखी धार आणि मागच्या कडेकडे वाढत जाणारी जाडी.

१७ नोव्हेंबर, रविवार

सरावाचा प्रोपेलर घेतला. गच्चीवर टेबल मांडलं. घरात ही भुकटी नको.

हँड ग्राइंडरला सॅंडिंग ड्रम लावून सुरुवात केली. ड्रम झपाट्याने खातो आणि तोच त्याचा दोष. दोन सेकंद एका जागी थांबला की वाटी पडते, आणि ती वाटी काढायला आजूबाजूचं सगळं तेवढं खाली न्यावं लागतं. शेवटी ड्रम फक्त मधल्या जाड भागातलं ओझं काढायला ठेवला, तोही सतत सरकता.

कानस जास्त विश्वासाची. पण पितळेला नवी कानस लागते. लोखंडावर चाललेली कानस पितळेवर चावत नाही, नुसती घसरते. दोन नव्या कानशी आणल्या, एक सहा इंची चपटी आणि एक अर्धगोल, आणि त्यांना पिवळा दोरा बांधला, म्हणजे लोखंडाच्या कामाला कुणी उचलणार नाही. घासण्याआधी कानशीला खडू चोळला. दात्यांत भुसा अडकत नाही, आणि अडकलेल्या कणाने पात्यावर उठणारे ओरखडेही टळतात.

किती काढलं ते दिसावं म्हणून पाठीवर काळ्या मार्करने पूर्ण रंग दिला. काळं गेलं तिथलं धातू गेलं. पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा घासायचं. साधी युक्ती आहे, पण तिच्याशिवाय डोळा फसतो.

भुकटीबद्दल. हे साधं पितळ आहे, तरी त्यात थोडं शिसं असू शकतं. म्हणून मास्क, चष्मा आणि शेवटी साबणाने हात. शर्यतीच्या बोटींचे चांगले प्रोपेलर बेरिलियम कॉपरचे असतात, त्यात सुमारे २ टक्के बेरिलियम असतं. त्याची कोरडी भुकटी श्वासात गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होतो. तसा एक प्रोपेलर कपाटात आहे. ऑक्टुरा कंपनीचा एक्स ४४२ : पहिला ४ म्हणजे पिच १.४ पट, पुढचे ४२ म्हणजे व्यास मिमीमध्ये. एका मित्राने दिलेला. त्याच्यावर ग्राइंडर चालवायचा नाही, हे भाच्याला दोनदा सांगितलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुटी. सकाळीच मत देऊन आलो आणि दुपारभर कानस धरली.

सरावाचं पातं मध्यावर १.३५ मिमी होतं. ०.५५ पर्यंत आणलं. हातात घेतल्यावर फार सुंदर वाटलं, उन्हात धरलं की धार दिसेनाशी होते. भाचा म्हणाला, “मामाजी, हे तर ब्लेडच होऊन गेलं.” आज पाण्यात टाकता आलं नाही, रविवारची वाट पाहतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

पातळ प्रोपेलर हरला.

पहिल्या फेरीला बोट उसळून निघाली, आवाज बारीक आणि स्वच्छ. दुसऱ्या फेरीत आवाज वर चढला आणि वेग मात्र उतरला. ३९ किमी, करंट ५१. काठाला आणून पाहिलं तर दोन्ही पाती टोकाकडून चपटी झालेली. कशाला आपटली नाहीत, पाण्याच्याच दाबाने उलगडली.

घरी येऊन कोन मोजला. यासाठी भाच्याने जाड पुठ्ठ्याचे माप-तुकडे कापले आहेत. हिशेब असा : केंद्रापासून ठरावीक अंतरावर पिच भागिले त्या वर्तुळाचा परीघ, त्याचा टॅन-व्यस्त म्हणजे तिथला कोन. १४ मिमीवर परीघ ८८ मिमी, पिच ५६, म्हणून कोन साडेबत्तीस अंश. प्रोपेलर काचेवर आडवा ठेवून पोटाला तुकडा लावायचा, मागून बॅटरीचा उजेड, फट दिसली की कोन चुकला. अछूत्या प्रोपेलरला साडेबत्तीसचा तुकडा अगदी बसतो. आजच्या प्रोपेलरला २९ चा बसला. म्हणजे पिच ५६ वरून ४९ मिमीच्या आत आला. मोटर हलकी झाली म्हणून करंट उतरला आणि आवाज चढला. नुसता करंट पाहिला असता तर मी यालाच यश समजलो असतो.

चूक दोन जागी झाली. एक, मूळही पातळ केलं. पात्याचा सगळा भार मुळाशी येतो, तिथली जाडी राखायलाच हवी. दुसरी, घासताना पातं हातात अधांतरी होतं. अंगठ्याच्या दाबाने ते थोडं वाकत असणार आणि कानस नको तिथे खात असणार. दोन पात्यांच्या मध्यावर आता ०.०९ मिमीचा फरक आहे आणि घासताना तो मला जाणवलाच नाही.

पात्याला खालून पूर्ण आधार हवा. शेगड्यात (व्हाइसमध्ये) मधला गोळा धरला तरी पातं लोंबकळतंच. एम-सीलचा ठसा घेऊन पाहिला. ठसा चांगला निघाला, पण प्रोपेलर त्यावर चिकटून राहत नाही, हलतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज इतवारीत सराफा ओळीत गेलो होतो, खरं तर ताईच्या पाटल्या उजळायला. सोनारकाका समोर बसून एका नथीवर काम करत होते. लाकडी दांडीच्या टोकाला काळपट गोळा, त्यात अंगठीचा वरचा भाग रुतवलेला असतो ना, तशीच ती नथ रुतवलेली. पाहताक्षणी मला माझा प्रोपेलर दिसला.

विचारलं तर म्हणाले, “लाख आहे भाऊ. लाख अन् विटेची बारीक भुकटी. गरम असली की लोण्यासारखी, गार झाली की दगड.” खिशात वाकलेला आणि एक कोरा असे दोन प्रोपेलर होतेच. काकांनी वाकलेला प्रोपेलर बोटांत फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांची जाडी मोजायची स्प्रिंगवाली डायल काढली आणि पात्यावर दहा ठिकाणी लावली. माझ्या मायक्रोमीटरचा सपाट जबडा वाकलेल्या पात्यावर नीट बसत नाही, मधली पोकळीही मोजून घेतो. त्यांच्या डायलला गोल टोकं आहेत, ती जिथे टेकतात तिथलीच जाडी दाखवतात. त्यांनी सांगितलेले आकडे माझ्यापेक्षा सगळीकडे पाच-सहा शतांश मिमी कमी होते. म्हणजे मी ०.५५ समजत होतो ते अर्ध्याच्याही खाली होतं.

काका म्हणाले, “तुम्ही मोजता कमी अन् घासता जास्त. आम्ही सोन्यात तसं केलं तर दुकान विकावं लागंल.”

हव्या त्या गोष्टी त्यांनीच दिल्या : लाखेचा एक गोळा, आणि डायल कुठे मिळते तो पत्ता. त्यांच्या काट्यावर कोऱ्या प्रोपेलरचं वजनही करून घेतलं, १०.६२ ग्रॅम. पैसे फक्त पाटल्यांचे घेतले.

८ डिसेंबर, रविवार

कामाचा प्रोपेलर. आठवडाभर रोज रात्री तासभर.

सागाच्या ठोकळ्याला वरून उतरता काप दिला, त्यावर लाख गॅसवर मऊ करून थापली. प्रोपेलरही कोमट केला, कारण थंड पितळेला लाख धरत नाही. पोट खाली करून एक पातं लाखेत दाबलं. गार झाल्यावर पातं ठोकळ्याचाच भाग झालं. कानस लावली आणि पहिल्यांदा आवाज बदलला : आधी थरथरतं ‘किर्र’ यायचं, आता नुसता सरळ ‘खस्’. त्या आवाजानेच सांगितलं की आता कानस माझ्या मनाप्रमाणे खाते आहे.

घासण्याआधी पाठीवर सुईने तीन वर्तुळं आखली, केंद्रापासून ९, १४ आणि १८ मिमीवर. प्रत्येक वर्तुळावर तीन खुणा : धारेपासून २ मिमी आत, मधोमध, आणि मागच्या कडेजवळ. एका पात्यावर नऊ जागा, दोन्ही मिळून अठरा. रोज काम थांबवताना अठराही आकडे वहीत.

ठरवलं ते असं. मूळ, म्हणजे ९ मिमीच्या आतला भाग, तसाच. १४ मिमीवर मधोमध १.३५ वरून १.०५. टोकाकडे ०.८५. धारेजवळच्या खुणांवर अर्धा मिमी, आणि तिथून पुढे शेवटचे दोन मिमी पाचरीसारखे उतरत शून्याकडे. मागची कड जशीच्या तशी, काटकोनी. पाणी तिथून तुटून निघायला हवं. ती गोल झाली तर पाणी कडेला चिकटून वळतं.

एक पातं एकदम पूर्ण करायचं नाही. एक दशांश मिमी या पात्यावर, मग लाख गरम करून पलटवायचं, तेवढंच त्या पात्यावर. पलटवण्यात वेळ जातो, पण दोन पाती बरोबरीने उतरतात. आजचे अठरा आकडे पाहिले : जोडीच्या दोन जागांमधला सगळ्यांत मोठा फरक ०.०२. घासण्यापेक्षा मोजण्याला दुप्पट वेळ लागला.

ग्राइंडर या प्रोपेलरला लावलाच नाही.

११ डिसेंबर

उरलेली लाख स्पिरिटमध्ये भिजवून पुसली. वॉटर पेपर ४००, ८००, १२००, मग २०००, सगळे पाण्यात भिजवून. पेपर बोटाने धरला तर कडा गोल होतात, म्हणून बांबूची चपटी काडी करून तिच्यावर गुंडाळला. बफ लावायचा मोह टाळला. बफ चकाकी देतो आणि जाताना धार घेऊन जातो.

१५ डिसेंबर, रविवार

मंत्रिमंडळाचा शपथविधी नागपुरात, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद. घरीच बसून तोल साधला.

साधन घरचं. जुन्या स्पीकरची दोन चुंबकं समोरासमोर, मध्ये पोलादी दांडी, दोन्ही टोकं लेथवर टोकदार केलेली. दांडीचं एक टोक चुंबकाला टेकतं, दुसरं केसभर अंतरावर अधांतरी राहतं. घर्षण जवळजवळ नाहीच, फुंकर मारली तरी फिरते. प्रोपेलर दांडीवर घट्ट बसायला हवा, नाहीतर दांडीवरची फटच तोल म्हणून मोजली जाते. आमच्या भोकाचं माप ४.७६ मिमी, म्हणजे इंचाचे तीन-सोळांश. त्याला बसणारी पितळी बाही लेथवर काढून घेतली.

इतकं मोजूनही एक पातं खाली गेलंच. किती, ते पाहायला हलक्या पात्याला मेणाचा कण लावला. तोल आला तेव्हा तो कण सुमारे दहावा हिस्सा ग्रॅम होता. भाचा म्हणाला, “मामाजी, इतकुशाने काहून काय होईल?” मग दोघांनी बसून हिशेब केला. केंद्रापासून १५ मिमीवर ०.१ ग्रॅम, मिनिटाला २०,००० फेरे : बाहेर ओढणारं बल साडेसहा न्यूटनच्या वर, म्हणजे सुमारे ६७० ग्रॅम वजनाइतकं. दर फेऱ्याला दिशा बदलत ते बल शाफ्टला आणि शाफ्ट पेलणाऱ्या स्ट्रटच्या बुशला हिसकत राहतं. तो कागद त्याने भिंतीवर चिकटवला.

जड पात्याच्या पाठीवर टोकाकडे ८०० च्या पेपरने दहा फेर, मग पुन्हा दांडीवर. असं बावीस वेळा. पाती आडवी धरली की थांबतात, पण उभी धरली की एकीकडे लवंडतात, असंही आढळलं. तो दोष पात्यांचा नसून मधल्या गोळ्याचा. गोळ्याच्या जड अंगाला कानशीचे चार हात दिल्यावर प्रोपेलर कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहू लागला. शेवटचं वजन ९.५८ ग्रॅम. कोन अजून साडेबत्तीस, फट नाही.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी चांगली पडली आहे, तलावावरचं धुकं विरायला नऊ वाजले. आधी अछूता प्रोपेलर लावून तीन फेऱ्या केल्या, कारण महिन्याभरापूर्वीचा आकडा आजच्या पाण्याला आणि आजच्या बॅटरीला लागू नाही. ४४, ४३, ४४. करंट ६४.

मग घासलेला. ४७, ४८, ४७. करंट ५८. मोटर ६२ अंश. दहा फेऱ्यांनंतर कोन तपासला, साडेबत्तीस.

वेग तीन-चार किमीने वाढला, त्याहून जास्त आनंद मोटरचा झाला. नऊ अंशांचा फरक म्हणजे उन्हाळ्यात एप्रिलपर्यंत बोट चालवता येईल. आणि वळणावर आधी जो ठोके पडल्यासारखा आवाज यायचा तो गेला. भाऊजी पाळीवरून म्हणाले, “आता शिवणयंत्रासारखी चालून राहिली.”

भाच्याचा प्रश्न रास्त होता : एवढं करण्यापेक्षा ३८ मिमीचा प्रोपेलर लावला तर करंट उतरलाच असता ना? उतरला असता. भार व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो, ४० वरून ३८ म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी. पण १.४ पटीने पिचही ५३ मिमीवर आला असता आणि वेग त्याच्यासोबत. मला दोन्ही हवं होतं.

२९ डिसेंबर, रविवार

आजची फेरी सहाव्या मिनिटाला थांबली. शिंगाड्याचा वेल वाहून मध्यावर आला होता, तो शाफ्टला गुंडाळला गेला. वेलाने काही झालं नाही, पण त्यातल्या एका वाळक्या काट्याने किंवा काडीने एका पात्याच्या धारेला बारीक दात पाडला. भिंगाखाली अर्धा मिमी. इतकी पातळ धार ठेवली की हे होणार. लाखेत बसवून दोन्ही पात्यांची धार सारखीच मागे नेली आणि पाचर थोडी जाड ठेवली, धार आता नखावर टेकली तर रुतते पण मुडपत नाही. पुन्हा तोल, नऊ वेळा.

५ जानेवारी २०२५, रविवार

दात काढल्यानंतरचे आकडे : ४७, ४७, ४७. जाड पाचरीने काहीही गमावलं नाही. यापुढे धार याच मापाची.

एक्स ४४२ कपाटातून काढला, डायलने अठरा जागा मोजल्या, वहीत उतरवल्या. त्याला लागलंच तर फक्त पाण्याखाली, भिजल्या पेपरने, हातमोजे घालून, आणि ते पाणी नालीत न सोडता बाटलीत साठवून. आज तरी परत डबीत ठेवला.

राखीव प्रोपेलर भाच्याने घेतला. लाख त्यानेच मऊ केली, पोट खाली करून पातं दाबलं, मार्करने पाठ काळी केली. कानस उचलायच्या आधी त्याने डायल उचलली. पहिला आकडा १.३६.